झूलवाल्याची भावकी

आमच्या घरात त्याला झूलवाला म्हणत. पुस्तकावर छापलेलं त्याचं खरं नाव मला माहीत आहे, साऱ्या जगाला माहीत आहे, पण ते मी इथं घेणार नाही. ते घेतलं की लोक लगेच सिनेमा कोणता आणि नट कोणता हे विचारू लागतात आणि बोलणं माझ्या हातातून जातं. पाठीवर लांबलचक कापड उडवत आभाळातून उतरणारा तो गडी आईनं पहिल्यांदा चित्रात पाहिला, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली होती, "ह्येच्या पाठीवर पोळ्याची झूल कुनी टाकली गं?" बैल नाही, पोळा नाही, आणि अंगावर झूल! आम्ही भावंडं इतकी हसलो की तेच नाव पडलं.

वडील लोहाऱ्यात वडापची जीप चालवायचे. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एसटीच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर जीप लावायची, एसटी यायच्या आधी "उमरगा, उमरगा" असं ओरडून माणसं गोळा करायची आणि गाडीत मावतील त्याच्या दुप्पट बसवून निघायचं. त्यांची रोजची फेरी उमरग्याची. लग्नाचं किंवा दवाखान्याचं भाडं मिळालं तर सोलापूर, नाहीतर सीमेपलीकडं कलबुर्गी. गिऱ्हाईक आपलं काम उरकून येईपर्यंत ते स्टँडवरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्याशी उभे राहायचे आणि आमच्यासाठी चित्रांची पुस्तकं घ्यायचे. निवडायची त्यांची रीत एकच होती. वरच्या चित्रात झूल दिसली की घ्यायचं. भाषा कोणती, अंक कितवा, आधीचा कुठं आहे, असल्या भानगडीत ते पडत नसत.

त्यामुळं आमच्या लोखंडी पेटीतला झूलवाला चार भाषा बोलायचा. मराठी आणि हिंदी आम्ही पोरं वाचायचो. कानडी आई वाचायची, कारण तिचं माहेर सीमेच्या पलीकडं, आणि तिच्या तोंडून ते बाहेर पडेपर्यंत त्याचं मराठी झालेलं असायचं. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून ते वडील वाचायचे. म्हणजे चित्रं बघून सांगायचे. त्यांच्या सांगण्यात झूलवाला बदमाशाला बुक्की मारायच्या आधी "काय पावनं, कुन्या गावचं?" असं विचारून घ्यायचा. ओळख ना पाळख आणि सरळ हाणामारी, हे वडिलांना पटत नसे.

घोळ असा झाला की ही सगळी पुस्तकं एकाच गोष्टीचे पुढचे पुढचे भाग आहेत असं आम्ही धरून चाललो. ज्या क्रमानं घरात आली त्याच क्रमानं वाचली. एकात गडी मेला. अंत्ययात्रा निघाली, सारं शहर रडलं, आम्हीही रडलो. त्यानंतर वडिलांनी आणलेल्या कानडी पुस्तकात तो हसतमुखानं लग्न करत होता. पुढच्यात म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. त्याच्या पुढच्यात शाळकरी पोर. कुठं निळे कपडे, कुठं काळे. एकात तर इतका वंगाळ निघाला की त्यानंच शहर पेटवलं. आणि एकात झूल घालून चक्क बाई उभी होती. छातीवरची खूण तीच आणि नावही तेच.

भाऊ म्हणाला, छापणाऱ्यानं फसवलंय. वडील म्हणाले, पुढच्या अंकात उलगडा होईल. आईनं मात्र निकाल देऊन टाकला.

"ह्यो एक मानूसच न्हाय. ही भावकी हाय."

तिचं म्हणणं असं होतं. लग्नात नाही का एकाच ताग्यातून कापड फाडून सगळ्या चुलत्या-पुतण्यांना सदरे शिवतात? मग मांडवात जिकडं बघावं तिकडं तोच सदरा. तसंच हे. थोरला, धाकटा, सरळ, वाकडा, माहेरवाशीण, सगळे एका घरातले. भावकीत एखादा घरं पेटवणारा निघतोच, त्यात नवल काय?

"पण सगळ्यांचं नाव एकच कसं?" मी विचारलं.

त्यावर तिनं जे सांगितलं ते वडिलांच्या सोलापूरच्या रस्त्यावरचंच होतं. अणदूरला खंडोबाचं देऊळ आहे आणि नळदुर्गलाही आहे. मूर्ती एकच. वर्षातले बरेच महिने देव अणदूरला राहतो, थोडे महिने नळदुर्गला, आणि दोन्ही गावांचा तसा रीतसर करार असतो. देव इकडं आला म्हणून तिकडचं देऊळ कुणी खोटं म्हणत नाही. "देवाला दोन घरं चालत्यात," आई म्हणाली, "आन ह्या झूलवाल्याला चार रूपं चालत न्हाईत व्हय?"

आमचं समाधान झालं. खरं तर माझं आजही त्याच उत्तरावर समाधान आहे.

कॉलेजात असताना सोलापूरला एका फुटपाथवर मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. तोवर माझं इंग्रजी अडखळत का होईना चालू लागलं होतं. त्यात सगळे झूलवाले एकाच वेळी जमले होते. म्हातारा, पोर, काळ्या कपड्यांतला, ती बाई, मेलेला, न मेलेला, सगळे एका पानावर दाटीवाटीनं, लग्नाच्या फोटोत माणसं उभी राहावीत तसे. प्रत्येकाची दुनिया वेगळी आणि प्रत्येक दुनिया खरी. छापणारे कंटाळून नवा झूलवाला काढतात, पण जुना पुसत नाहीत, त्याला त्याच्या दुनियेत राहू देतात. ते पान मी स्टँडवर उभ्या उभ्या वाचलं आणि मोठ्यानं हसले. आई बरोबर होती! न वाचता, भाकरी थापत, ती बरोबर होती.

लोक अशा वेळी अवतार हा शब्द काढतात. मला तो इथं पटत नाही. एका अवताराचं काम संपलं की दुसरा येतो, ती रांग झाली. झूलवाले रांगेत उभे नाहीत. ते एकाच वेळी आहेत आणि त्यांच्यातल्या कुणालाही दुसऱ्यासाठी जागा रिकामी करावी लागत नाही. हे मला फार आवडलं, कारण आमच्याकडं बाईला आयुष्यभर तेवढंच सांगितलं जातं. आता पोरगी संपली, सून सुरू झाली. आता सून संपली, आई सुरू झाली. ऊठ, जागा दे.

पुढं मी एसटीत कंडक्टर झाले. वडील म्हणाले, "घरातच फितुरी झाली म्हना की." ते थांब्यावर ओरडून माणसं गोळा करायचे आणि मागून माझी गाडी आली की निम्मी माणसं जीपमधून उतरून माझ्याकडं चढायची. त्या दिवशी घरी जेवताना ते माझ्याशी बोलायचे नाहीत, पण थांब्यावरच्या पोरांना मी त्यांचीच मुलगी असल्याचं स्वतःहून सांगायचे. माझ्या खाकी सदऱ्यावर माझ्या नावाची पट्टी होती. ती रोज सकाळी लावताना मला बरं वाटायचं. इतक्या लोकांच्या समोर आपलं नाव उघड्यावर घेऊन फिरायला मिळतं ही साधी गोष्ट नाही.

माझ्या नोकरीतच जिल्ह्याचं नाव बदललं. त्यावर भांडणारे भांडले, मला त्यात पडायचं नाही. मी पाहिलेलं सांगते. आता कुणी म्हातारा खिडकीशी बसून "उस्मानाबाद एक" म्हणतो आणि त्याच्या शेजारची पोरगी "धाराशिव एक" म्हणते. मी दोघांना तिकीट देते. दोघं एकाच स्टँडवर उतरतात आणि आपापल्या घरी जातात.

पण लग्नाचं सांगायचं होतं. ते जिल्ह्याचं नाव बदलायच्या कितीतरी आधीचं. स्थळ आलं ते भूमचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. मुलाचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. बोलायला मोकळा, माझ्या नोकरीबद्दल कुरकुर नाही. त्याची आई लहानपणीच वारलेली, घर चालवायची ती त्याची आत्या, वडिलांची थोरली बहीण. घरात थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी होणारी जाऊ. बैठकीला ती सगळी माणसं लोहाऱ्याला आली. देणं-घेणं कुणी काढलं नाही, पोहे झाले, चहा झाला, आणि मग आत्यांनी शेवटचं म्हणून एक काढलं.

"पोरगी पसंत हाय आमाला. नोकरीबी करू द्या. फकस्त नाव बदलावं लागंल."

आमच्याकडच्या सगळ्या माना हलल्या. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नवरीचं नाव बदलायची रीतच आहे. लग्न लागून नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन होतं, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. पण आत्यांकडं रीतीशिवाय कारणही होतं.

"आमच्या थोरल्या सुनंचं नाव ह्येच हाय. एका उंबऱ्याच्या आत एका नावाच्या दोघी कशा चालत्याल? एकीला हाक मारली तर दोघी येत्याल."

"येऊ द्या की," मी आतल्या दारातून म्हणाले. "काम लवकर हुईल."

बैठकीत नवरीनं बोलायचं नसतं. वडील आढ्याकडं बघू लागले. आईनं माझा दंड धरला. मुलगा मात्र हसला आणि ते हसणं बघून मला आणखी जोर आला. मी पेटीतून ते जाडजूड पुस्तक काढलं, पोह्यांच्या बश्या बाजूला सारून ते पान उघडलं आणि म्हणाले, हे बघा, ह्या सगळ्यांचं नाव एक आहे. एकाच पानावर उभे आहेत. कुणाचं काही अडलं का?

थोरल्या दिरांनी पुस्तक उलटं धरून पाहिलं, मग सुलटं. आत्यांनी चष्मा लावला. "ह्यातला खरा कंचा?"

"सगळेच."

"असं कुठं आसतंय व्हय? एक खरा आसतो, बाकीची सोंगं."

जाऊबाई आत्यांच्या शेजारीच होत्या. त्या पुढं वाकून ते पान बघत राहिल्या, इतका वेळ की आत्यांना त्यांना कोपरानं ढोसावं लागलं. मग पुस्तक मिटलं गेलं आणि आत्या म्हणाल्या, "लगीन तर हुंद्या. तांदळात काय लिव्हायचं ते आमी बघू." लग्न ठरलं आणि माझ्या नावाचं काय, ते तसंच लोंबकळत राहिलं.

पाहुणे गेल्यावर आईनं मला समोर बसवलं. तिला मी हट्टी वाटत होते आणि त्याहून जास्त वेडी वाटत होते. ती म्हणाली, "नाव बदललं म्हून म्या बदलले व्हय? माहेरी गेले की माहेरचं नाव, हितं हितलं. दोनीबी मीच की. तुजा झूलवाला तरी दुसरं काय करतोय?"

आईचं माहेरचं नाव कानडी होतं. लोहाऱ्यात ते कुणाच्या तोंडी बसेना म्हणून लग्नात तिला मराठी नाव दिलेलं. मामा आला की तो कानडी नावानं हाक मारायचा आणि आईचा चेहरा वेगळाच व्हायचा, तरणी दिसायची ती. तिचं बोलणं माझ्याच शस्त्रानं मला मारत होतं. रूपं अनेक असू शकतात, सगळी खरी, तर मग नवं नाव घ्यायला माझी का ना? मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. झूलवाल्याचं सगळं बदलतं. कपडे बदलतात, गाव बदलतं, बायको बदलते, तो मरतोसुद्धा. नाव तेवढं बदलत नाही. म्हणून तर तो ओळखू येतो.

"मला भूमची भाषा शिकवा, त्यांच्या चवीचं कालवण शिकवा, काय पायजे ते बदला," मी म्हणाले. "नावाला हात लावायचा न्हाय. एकदा पुसलं की गेलं."

"मग माजं गेलं म्हन की," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

मला फार लागलं ते. तिला लावून बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण मी मागं हटले नाही. हटले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

होणाऱ्या नवऱ्याला मी फोनवर सरळ विचारलं, तुम्ही तांदळात काय लिहिणार? तो म्हणाला, "आत्यानं मला वाढवलंय गं. बघू." बघू हा शब्द बाप्या माणसांनीच शोधून काढला असणार. त्यात होही नाही आणि नाहीही नाही, आणि दोष कुणाच्याच डोक्यावर येत नाही. मी म्हणाले, तुम्ही बघा, मी दाखवते.

लग्न लोहाऱ्यात लागलं. वडिलांनी माझी पेटी वराच्या गाडीत स्वतःच्या हातानं चढवली. भांडीकुंडी मागून टेंपोनं आली तरी चालतील, म्हणाले, ही पोरीबरोबर जाऊ द्या. आई निरोप देताना मला माझ्या नावानं हाक मारत राहिली, पुन्हा पुन्हा, काम नसताना. मला वाटलं, ही आता पुसायच्या आधी ते वापरून घेतेय. रडू तर आलंच, पण त्याहून जास्त राग आला.

भूमला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. माप ओलांडलं, पूजा झाली. पाटावर आम्ही दोघं, समोर तांदळाचं ताट, भोवती त्यांच्या घरातल्या आणि गल्लीतल्या बायका. आत्यांनी वाकून नवऱ्याच्या कानात नाव सांगितलं. त्यानं अंगठी काढली आणि हात पुढं केला. मी माझा तळहात तांदळावर पालथा ठेवला.

"थांबा."

आत्या म्हणाल्या, "हात काढ. रीत हाय ती."

"रीत करू की. माझंच नाव लिव्हा."

"त्ये नाव ह्या घरात हाय आदीच!"

"मग दोन हुतील. तुमच्या घरात दोन ताटल्या सारख्या हायत, त्यातली एक फोडली का तुमी?"

हे जरा जास्तच झालं, मला मान्य आहे. आत्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कानामागून आली आन तिखट झाली," त्या बायकांकडं बघून म्हणाल्या. "थोरली इतकी वरसं नांदती, कदी वर मान करून बोलली न्हाय. आन हिची अजून हळद वाळली न्हाय."

"आत्या, तुमी मला काय बी बोला," मी म्हणाले. गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा, तो काही दबला नाही. "सैपाक तुमच्या पद्दतीनं करीन. सण तुमच्या पद्दतीनं करीन. पर ह्या नावानं मला माझ्या बापानं हाक मारली, साळंत हजेरी झाली, छातीवर पट्टी लागली. ते हितं तांदळात पुरून म्या आत येनार न्हाय. तसंच आसंल तर उंबरा लांब न्हाय."

नवरा बसून होता. अंगठी त्याच्या चिमटीत. मी त्याच्याकडं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर विनवल्यासारखं झालं असतं. मग तो म्हणाला, "आत्या, मी दुसरं नाव न्हाय लिहीत." एवढंच. पण बघू म्हणाला नाही.

"मग काय करू?" आत्या कडाडल्या. "थोरलीचं मोडू? तिचं नाव बदलू आता, दोन लेकरांची आई झाल्यावर?"

तेव्हा जाऊबाई बोलल्या. त्या माजघराच्या दाराशी ओवाळणीचं तबक धरून उभ्या होत्या.

"त्ये माजं न्हायच, आत्या. तुमीच ठिवल्यालं हाय."

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. ज्या नावासाठी माझं नाव मोडायचं चाललं होतं, ते या बाईला याच घरात, असल्याच तांदळात, मिळालेलं होतं. तिचं स्वतःचं नाव वेगळंच होतं. इतके दिवस मी तिला माझ्या नावाची दुसरी बाई समजत होते आणि तिच्याबद्दल एक प्रश्नही मला विचारावासा वाटला नव्हता.

जाऊबाईंनी तबक खाली ठेवलं. आत गेल्या आणि दुसरं ताट घेऊन आल्या, डब्यातले तांदूळ त्यात ओतलेले. आमच्या ताटाशेजारी त्या मांडी घालून बसल्या. तळहातानं तांदूळ सारखे केले आणि बोटानं एक नाव लिहिलं. कान्याला जरा थांबल्या, जणू बरोबर आलं की नाही ते बघत होत्या. ते नाव मी इथं सांगत नाही. ते सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

आत्यांनी वाकून वाचलं. "ह्ये कोन?"

"मीच की."

थोरले दीर खांबाला टेकून उभे होते. त्यांना ते नाव माहीत असणारच, त्यांच्याच लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं. त्यांनी ते ओठातल्या ओठात वाचलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. एका बाईनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, "मग आता हिला काय म्हनायचं बाई?"

"जे म्हनताव तेच म्हना," जाऊबाई म्हणाल्या. "लेकरास्नी तेच ठावं हाय, आन मलाबी आता त्येची सवं झालीया. त्ये ऱ्हाऊ द्या. पर ह्येबी हाय."

आईला मी काय ऐकवून आले होते ते मला तिथं पाटावर बसल्या बसल्या आठवलं. एकदा पुसलं की गेलं, म्हणाले होते मी. मोठी शहाणी! आईचं गेलं नव्हतं आणि या बाईचंही गेलं नव्हतं. दोघींनी ते सांभाळून ठेवलं होतं आणि वरून दुसरं नावही वागवलं होतं, दोन्ही खरी. जाडजूड पुस्तकातलं पान मी पाहुण्यांना उघडून दाखवलं, पण त्यातलं माझ्या नावापुरतंच वाचलं. नावाला हात लावू द्यायचा नाही हे माझं म्हणणं मी सोडलं नाही, आजही सोडलेलं नाही. पण मी माझ्या एकटीसाठी भांडत होते, हे मला फार बोचलं.

नवऱ्यानं आमच्या ताटात माझं नाव लिहिलं, जसं आहे तसं. अक्षर त्याचं वाईट आहे. दोन ताटं शेजारी शेजारी, एकात एक नाव, दुसऱ्यात दुसरं. आत्यांनी मग दोन्ही उचलली, आत नेली आणि सगळ्यांच्या देखत तांदूळ डब्यात ओतून झाकण लावलं. ओतले तर ओतले. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

सकाळी उठले. आत्या ओसरीवर माळ ओढत बसल्या होत्या, माझ्याकडं बघतही नव्हत्या. मी अंगणात नळाशी पाणी भरायला गेले. हंडा भरला. तो उचलायला दुसरं माणूस हवं होतं. खरं म्हणजे नको होतं, मी त्याहून जड उचलते. मी छाती भरून श्वास घेतला आणि स्टँडवर "उमरगा, उमरगा" ओरडतात त्या आवाजात जाऊबाईंना हाक मारली, त्यांच्या माहेरच्या नावापुढं ताई लावून. आत्यांची माळ थांबली.

आतून काही उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. शेजारच्या घराची खिडकी उघडली. ते नाव आपलंच आहे, हे त्यांच्या कानाला ओळखायला वेळ लागत होता. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि ओले हात पदराला पुसत त्या दारात आल्या.

"ओ," त्या म्हणाल्या. आणि मग, आत्यांकडं न बघता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा एकदा, "ओ!"